कॉम्पेन्सेटर आणि काडतूस

रिव्हॉल्वर झाडताच नळीचे तोंड वर उसळते. ही उसळी आवरण्यासाठी नळीच्या टोकाशी बसविलेल्या छिद्रयुक्त भागास कॉम्पेन्सेटर म्हणतात. जळत्या दारूचा वायू छिद्रांवाटे वर फेकला जातो व त्याच्या प्रतिक्रियेने नळी खाली दाबली जाते. तेव्हा या साधनाचे सारे बळ वायूत आहे. १९३५ साली प्रचारात आलेल्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल हे सौम्य काडतूसही चालते. परंतु त्याचा वायू थोडा, म्हणून लाभही थोडाच. हलक्या गोळीमागे मंद जळणारी दारू अधिक भरलेले मॅग्नम काडतूस येथे अधिक उपयुक्त ठरते. उघड्या शिशाची गोळी मात्र टाळावी. शिसे छिद्रांत साचते. तांब्याचे कवच असलेली गोळी बरी. अंधारात छिद्रांतून उसळणारी ज्वाला डोळे दिपविते, हेही काडतूस निवडताना विसरू नये.