डोमेन कुणाच्या नावावर आहे?

(लेखांक 6)

जून 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची चप्पल दिसली आणि कोल्हापुरी पायताणाची चर्चा जगभर झाली. कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत गिऱ्हाईक चालत येतं. पण लंडनच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर थेट कारागिराकडे यायची, तर कारागिराची स्वतःची वेबसाइट हवी. त्यासाठी लागणारे चार शब्द आज समजून घेऊ.

पहिला शब्द डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. ते रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडून, भाड्याने घ्यायचं असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. शेवटी ‘डॉट इन’ असलेल्या नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. 2014पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही मिळतं.

गडबड होते ती इथेच. दुकानदार सगळं काम वेबसाइट करून देणाऱ्यावर सोपवतो आणि तो स्वतःच्याच ईमेलवर डोमेन घेऊन टाकतो. शेत तुम्ही कसायचं आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं, असा हा प्रकार. पुढे तो माणूस नोकरीला लागतो, नंबर बदलतो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ईमेलवर जातात, मुदत टळते आणि वेबसाइटबरोबर त्या नावावरचे ईमेलही बंद पडतात. सवलतीची मुदतही संपली, की तेच नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. पिशव्यांवर, पाटीवर छापलेलं नाव असं हातचं जाणं फार वाईट. वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्याच ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर घ्या.

होस्टिंग म्हणजे वेबसाइटचे फोटो आणि मजकूर ठेवायला चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हरवरची जागा. लहान दुकानाला अनेकांत वाटलेलं, म्हणजे शेअर्ड होस्टिंग पुरतं. ते पटलं नाही तर बदलता येतं. डोमेन तेच राहतं. एसएसएल प्रमाणपत्रामुळे गिऱ्हाइकाने भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही.

आता पैसे. काउंटरवरचा यूपीआय क्यूआर स्कॅन करून पैसे भरले, की रक्कम खात्यात सहसा लगेच जमा होते. वेबसाइटवर पेमेंट गेटवे लागतो. तो कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग असे सगळे मार्ग एकत्र देतो, ऑर्डर आणि पैसे यांचा मेळ घालतो, आपलं शुल्क कापतो आणि उरलेली रक्कम साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात भरतो. मार्च 2020मध्ये नियम आले, तेव्हापासून दुकानदारांच्या वतीने असे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. कंपनी निवडताना तिला परवानगी आहे ना, हे रिझर्व्ह बँकेच्या यादीत बघून घ्या.

आणखी एक. 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरीवर आता लिडकॉम या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाचा क्यूआरही येऊ लागला आहे. तो चप्पल कुणी, कुठे केली हे सांगतो. त्याचा पैशांशी संबंध नाही. तो स्कॅन केल्यावर कुणी यूपीआय पिन मागितला तर देऊ नका. पैसे स्वीकारायलाही पिन कधीच लागत नाही.

तुमच्या दुकानाची वेबसाइट असेल, तर डोमेन कोणत्या ईमेलवर घेतलंय आणि त्याची मुदत कधी संपते, हे या आठवड्यात नक्की विचारून घ्या.