लॉकगेटच्या ओकची पेनं

इंग्लंडच्या मध्यभागातल्या कालव्यांवरची ‘नॅरोबोट’ नावाप्रमाणेच अरुंद, जेमतेम 6 फूट 10 इंच रुंदीची. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी सुमारे 7 फूट रुंदीचे लॉक ठरवले आणि बोटींचं माप कायमचं पक्कं झालं. एकेकाळी कोळसा वाहणाऱ्या त्या मापाच्या बोटींत आज माणसं घर थाटून राहतात. त्यांतले काही जण त्याच घरात लेथ बसवून लाकडी पेनं बनवतात.

टेबल-खुर्च्या करणाऱ्या सुताराला इथे फळी फिरवायलाही जागा नाही. पेनाला मात्र पाऊण इंच जाडीचा, पाच इंच लांबीचा तुकडा पुरतो. त्याला आरपार भोक पाडायचं, पितळी नळी चिकटवायची, टोकं सपाट करायची आणि लेथवर चढवून पटाशीने कातायचं. शेवटी नळीवर लाकडाचा अगदी पातळ थर उरतो. हात जड पडला की तो उडालाच. शेजारून ताशी 4 मैलांच्या मर्यादेत जाणारी बोटही बांधलेल्या बोटीला हलवते. तेवढ्यापुरती पटाशी मागे घेतलेली बरी.

खरी कसोटी विजेची. अर्ध्या अश्वशक्तीचा लेथ म्हणजे सुमारे 370 वॅट. 12 व्होल्टच्या बॅटरीवर, इन्व्हर्टरमधून, तो पूर्ण भाराला जवळपास 35 अँपिअर खेचतो. 110 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात उरतो दीड तास. उन्हाळ्यात छपरावरचे सोलर पॅनेल सांभाळून घेतात. डिसेंबरात उजेड आठ तासही नसतो, आणि शेजारी बोटी असतील तर रात्री 8 ते सकाळी 8 बॅटरी भरायला इंजिनही लावता येत नाही. मग कातकाम दिवसा उरकायचं आणि पॉलिश, जोडणी रात्रीसाठी ठेवायची.

लाकूड कालवाच पुरवतो. लॉकचे दरवाजे ओकचे असतात आणि साधारण 25 वर्षांनी बदलावे लागतात. जिथे लोखंडी बोल्ट रुतलेले असतात तिथे ओकमधल्या टॅनिनमुळे लाकूड निळसर काळं पडतं. या साऱ्या व्यवसायातलं सर्वांत देखणं पेन त्याच तुकड्यातून निघतं. धीर मात्र हवा. ओलं लाकूड घाईने कातलं तर नळीवर आकसून चिरतं.

कायमचा धक्का नसलेल्या बोटीला 1995च्या कायद्यानुसार एका जागी सहसा 14 दिवसांहून जास्त थांबता येत नाही. म्हणून दुकानही गावोगाव फिरतं, त्यासाठी व्यापाराचा वेगळा परवाना काढून.

त्या वाटेवर बर्मिंगहॅम लागतं. एकोणिसाव्या शतकात पोलादी निबांची ही जगातली मोठी पेठ होती. जोसेफ गिलॉटच्या व्हिक्टोरिया वर्क्ससारख्या कारखान्यांत यंत्रांवर बहुतांश बायकाच निबा ठोकत. फार्मर्स ब्रिजच्या 13 लॉकपासून फ्रेडरिक स्ट्रीटवरचं पेन संग्रहालय चालण्याच्या अंतरावर आहे. बोटीवरच्या बहुतेक पेनांत निब आणि रिफिल तयार, कारखान्यातले असतात. पण त्या जुन्या निबा अजूनही मिळतात, आणि त्या बसतील असा टाकाचा दांडा त्याच लेथवर कातता येतो.