मोबाइल वर्कस्टेशन व डॉकिंग स्टेशनची नवी पिढी : कम्युनिटी कॉलेजच्या खरेदीचा विचार
(चलथाण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात असलेले चलथाण हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना परिचित आहे. राष्ट्रीय महामार्ग आणि उधना-जळगाव रेल्वेमार्ग या दोन्हींची सोय असल्याने खानदेशातून सुरतकडे आलेल्या मराठी कुटुंबांना हा परिसर नवा नाही. चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या आहेत आणि सुरत शहरातील साड्यांचा व्यापार जवळच आहे. येथील तरुण-तरुणींना कापडाचे डिझाइन, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, छपाईसाठी रिपीट तयार करणे अशी संगणकावरील कामे मिळू शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आखली, तेव्हा स्थानिक उद्योगाशी शिक्षणाची सांगड घालणे हाच तिचा गाभा होता.

अशा अभ्यासक्रमासाठी संगणक घेताना दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो : बाजारात आहे ते घ्यावे, की येणाऱ्या नव्या पिढीची वाट पाहावी? हा निर्णय बहुधा शिक्षकांच्या शिफारशीवरच होतो. म्हणून या विषयाचे सोप्या भाषेत विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

मोबाइल वर्कस्टेशन म्हणजे अवजड ग्राफिक कामासाठी बनवलेला लॅपटॉप होय. साध्या लॅपटॉपच्या तुलनेत त्यात व्यावसायिक दर्जाचे ग्राफिक्स कार्ड, अधिक मेमरी, उष्णता बाहेर टाकण्याची सक्षम व्यवस्था आणि डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी तपासून दिलेली मान्यता असते. डेलची प्रिसिजन, एचपीची झेडबुक आणि लेनोव्होची थिंकपॅड पी ही या वर्गातील परिचित नावे आहेत.

डॉकिंग स्टेशन ही टेबलावर कायम राहणारी पेटी असते. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, नेटवर्कची वायर हे सर्व तिला जोडलेले असते. लॅपटॉप आणून तिला जोडला की तो टेबलावरचा संगणक होतो. काढला की पुन्हा फिरता होतो. सकाळी एका इमारतीत आणि दुपारी महिलांच्या केंद्रात वर्ग घेणाऱ्या संस्थेला ही सोय विशेष उपयुक्त ठरते. वीज गेली तर मॉनिटर बंद पडतो, परंतु लॅपटॉपची बॅटरी चालू असल्याने विद्यार्थ्याचे काम वाया जात नाही.

मागील अनुभव काय सांगतो?

डॉकची कल्पना जुनी आहे. ॲपलने १९९२ मध्ये पॉवरबुक ड्युओ आणला, तेव्हा तो संपूर्ण लॅपटॉपच व्हिडिओ कॅसेटसारखा डॉकच्या पोटात सरकवावा लागे. पुढे प्रत्येक कंपनीने लॅपटॉपच्या तळाशी स्वतःचे वेगळे कनेक्टर दिले. डेलने २००८ मध्ये ई-मालिकेसाठी ई-पोर्ट डॉक आणला. तो काही वर्षे चालला. मात्र २०१७ च्या लॅटिट्यूड लॅपटॉपमध्ये ते कनेक्टर राहिले नाही. लेनोव्होच्या थिंकपॅड पी-५१ (२०१७) ला तळाचा डॉक बसत असे. पुढच्याच वर्षीच्या पी-५२ ला तो बसेनासा झाला आणि त्याची जागा थंडरबोल्ट केबलच्या डॉकने घेतली.

यातून निघणारा धडा साधा आहे. लॅपटॉप सर्वसाधारणपणे चार-पाच वर्षांत बदलतो, मॉनिटर आणि टेबल त्याहून अधिक काळ टिकतात. एकाच कंपनीचे खास कनेक्टर असलेला डॉक मात्र लॅपटॉपची पिढी बदलताच, चालू स्थितीत असूनही, निरुपयोगी ठरतो. वीस डॉक एकदम घेणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

नव्या पिढीत काय बदलत आहे?

(अ) जोडणी : यूएसबी टाइप-सी हे कनेक्टर २०१४ मध्ये जाहीर झाले आणि २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ ने तोच आकार स्वीकारला. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप एकाच डॉकला जोडणे शक्य झाले. परंतु येथे एक गैरसमज होतो. भोक सारखे दिसले तरी क्षमता सारखी नसते. एका टाइप-सी पोर्टमधून सेकंदाला ५ किंवा १० गिगाबिट माहिती जाते, थंडरबोल्ट ३ व ४ मधून ४० गिगाबिट, तर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ मधून ८० गिगाबिट. मॉनिटरसाठी गरज पडल्यास हा शेवटचा वेग एका दिशेने १२० पर्यंत जातो.

हे आकडे ताडून पाहता येतात. ३८४० × २१६० बिंदूंचा फोर-के मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल आणि प्रत्येक बिंदूला २४ बिट लागत असतील, तर सुमारे १२ गिगाबिटची गरज पडते. साध्या १९२० × १०८० मॉनिटरला ३ गिगाबिट पुरतात. म्हणजे दोन फोर-के मॉनिटरसाठी ४० गिगाबिटची जोडणी पुरेशी आहे. थंडरबोल्ट ५ चा डॉक जुन्या लॅपटॉपलाही चालतो, मात्र वेग जुन्या लॅपटॉपचाच मिळतो.

(आ) वीज : वर्कस्टेशनच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका याकडेच दुर्लक्ष होते. टाइप-सी केबलमधून पूर्वी जास्तीत जास्त १०० वॅट वीज देता येत असे. अनेक वर्कस्टेशनना मात्र १७० किंवा २३० वॅटचा अडॅप्टर लागतो. अशा लॅपटॉपला १०० वॅटचा डॉक जोडला तर साधे टंकलेखन व्यवस्थित होते. परंतु मोठे डिझाइन उघडले की यंत्र वेग कमी करते किंवा जोडलेले असतानाही बॅटरी उतरू लागते. विद्यार्थी समजतो की संगणकच बिघडला. २०२१ मध्ये या मानकाची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढवण्यात आली. तथापि त्यासाठी लॅपटॉप, डॉक आणि केबल या तिन्हींची तेवढी क्षमता असावी लागते.

(इ) मेमरी : अलीकडे पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. यावर उपाय म्हणून डेलने २०२२ मध्ये प्रिसिजन ७६७० मध्ये कॅम नावाची बदलता येणारी सपाट मेमरी आणली. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक संस्थेने कॅम-२ चे मानक प्रसिद्ध केले आणि २०२४ च्या थिंकपॅड पी-१ मध्ये याच जातीची मेमरी आली. शिक्षणसंस्थेला हा बदल नव्या प्रोसेसरपेक्षाही मोलाचा वाटावा, कारण त्यामुळे यंत्राचे आयुष्य वाढते.

(ई) ऑपरेटिंग सिस्टीम : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. जुन्या बाजारात तळाच्या डॉकसह स्वस्त मिळणारी वर्कस्टेशन बहुतेक त्याआधीची असतात. ती घेताना स्वस्ताईचा मोह आवरावा.

परिसरातील कामाची खरी गरज

एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करताना तयार होणारी फाइल मुख्यतः टाक्यांच्या जागा नोंदवते. ती लहान असते. या कामाला वर्कस्टेशनची आवश्यकता नाही. साधा संगणक आणि मोठा मॉनिटर पुरतो. डिजिटल छपाईचे गणित मात्र वेगळे आहे. साडेपाच मीटर लांब आणि ४४ इंच रुंद साडीचे संपूर्ण चित्र १५० डीपीआयमध्ये केले, तर सुमारे २१ कोटी ४४ लाख बिंदू होतात. चार रंगांच्या हिशेबाने एकाच थराला जवळजवळ ८६० मेगाबाइट लागतात. ३०० डीपीआयला हेच प्रमाण चौपट, म्हणजे ३.४ गिगाबाइटच्या वर जाते. पदर, काठ, बुट्टे असे थर वाढले की १६ गिगाबाइट मेमरी अपुरी पडते. रिपीटवर काम केल्यास गरज बरीच कमी होते, म्हणून ती पद्धत प्रथम शिकवावी.

यावरून असे दिसते की वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला वीस वर्कस्टेशन लागत नाहीत. दोन-तीन वर्कस्टेशन आणि उरलेले साधे संगणक अशी रचना बहुतेक अभ्यासक्रमांना पुरेशी आहे.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१. डॉक कंपनीच्या खास कनेक्टरचा नसावा. थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४ चा असावा.
२. लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरवरील वॅट आणि डॉक लॅपटॉपला देत असलेले वॅट यांची तुलना करावी. डॉकच्या स्वतःच्या अडॅप्टरवरील आकडा हा लॅपटॉपला मिळणारा आकडा नव्हे.
३. मेमरी आणि डिस्क बदलता येते का, हे लेखी विचारावे.
४. विक्रेत्याकडून एक नमुना मागवून त्यावर स्थानिक उद्योगातील खरी फाइल उघडून, दोन मॉनिटर जोडून, किमान एक तास काम करून पाहावे आणि त्या वेळी बॅटरी उतरते का याची नोंद ठेवावी.
५. केबल डॉकसोबत आलेलीच वापरावी आणि तिच्यावर खूण करून ठेवावी.

याशिवाय निधीचा प्रश्न आहे. आपल्या संस्थांकडे येणारी देणगी ही अमानत आहे. जकातीची रक्कम तर अनेक उलेमांच्या मते पात्र व्यक्तीच्या मालकीची व्हावी लागते. त्यामुळे प्रयोगशाळेचा खर्च कोणत्या निधीतून होणार, हे मागणीपत्रापूर्वीच निश्चित करावे.

समारोप

नवी पिढी दर वर्षी येते. तिची वाट पाहत राहिल्यास एका तुकडीचे वर्ष जाते आणि ते परत मिळत नाही. म्हणून ज्या गोष्टी टिकतात, म्हणजे चांगले मॉनिटर आणि खुल्या मानकाचा, पुरेशा वॅटचा डॉक, त्यांवर आज निर्धास्तपणे खर्च करावा. लॅपटॉप मात्र चालू अभ्यासक्रमाला लागतील तेवढेच घ्यावेत आणि त्यांत पुढे भर घालत जावी. असे केल्यास येणारी पिढी आपल्या टेबलावर सहज बसेल आणि जमातीचा पैसा कपाटात पडून राहणार नाही.