लेसिक, लस आणि कोरडा डोळा

लेसिकनंतर काही आठवड्यांनी लस घेतली आणि डोळे चुरचुरू लागले, की संशय लशीवर जातो. ते स्वाभाविक आहे, पण कारण बहुधा शस्त्रक्रियेतच असते. लेसिकमध्ये कॉर्नियाचा (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ पापुद्रा उचलून आतल्या भागाला लेसरने आकार देतात. तेव्हा तिथले बारीक मज्जातंतू कापले जातात. रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटावी, तसा डोळा कोरडा पडल्याचा निरोप अश्रुग्रंथींपर्यंत नीट पोहोचत नाही. तंतू पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात.

कोविड लशीनंतर शरीराने कॉर्निया नाकारल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. पण त्या नेत्रदानातला कॉर्निया बसवलेल्या रुग्णांच्या. लेसिकमध्ये दुसऱ्याचे काही बसवलेलेच नसते.

लशीनंतर डोळ्यात दाह क्वचितच होतो. तरीही डोळा लाल होऊन ठणकला किंवा अचानक धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि लशीची तारीखही सांगा.