पुस्तकातला सुरवंट, मोज्यातला सुरवंट

चित्रपुस्तकाचा बाहुल्यांचा खेळ घरी कसा करायचा, ते आज सांगते. आधी आमची फजिती.

पुस्तक घेतलं एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९ सालचं. तुमच्याही घरी असेल. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं खात खात सुरवंटाचं फुलपाखरू होतं. मी सगळा मजकूर मराठीत केला, मोठ्याने वाचला, नवऱ्याने बाहुली हलवली. पाच मिनिटांत पोरं चुळबुळायला लागली.

कारण नंतर कळलं. पुस्तकात पान उलटेपर्यंत मूल वाट बघतं. शिवाय कार्ल यांनी फळांना खरीखुरी भोकं पाडलीत, त्यात बोट घालतं. आमच्या खेळात ना पान, ना भोक, नुसती माझी बडबड!

मग निम्म्याहून जास्त वाक्यं काढली. जे डोळ्यांना दिसतं ते बोलायचं नाही. बाहुली आधी फळाकडे बघते, मग मुलांकडे, पुन्हा फळाकडे, आणि मग खाते. ते थांबणं म्हणजेच पान उलटणं.

सामान घरचंच. दोन खुर्च्यांना बांधलेली ओढणी हा पडदा. सुरवंट म्हणजे कोपरापर्यंतचा हिरवा मोजा. सोमवारी नुसती मूठ दिसू द्यायची, रोज हात थोडा वर सरकवायचा. सुरवंट आपोआप वाढतो. फळं स्पंजची, मधे मूठ जाईल एवढं भोक. कोषाला तपकिरी रुमाल. फुलपाखरू मात्र वेगळं करा, जुन्या साडीच्या तुकड्याचं, विणायच्या सुईवर.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं मर्मेड थिएटर हीच गोष्ट अंधारात, अतिनील दिव्यांखाली केली आहे. काळ्या कपड्यातले कलाकार दिसत नाहीत, बाहुल्या तेवढ्या चमकतात. आणि आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीला कसं विसरू? तिथले ठाकर कलाकार चित्रकथीत एकेक चित्र पुढे करत कथा गातात. एका कथेच्या चित्रसंचाला ते पोथी म्हणतात. कळसूत्री बाहुल्याही त्याच समाजात.

जाहीर प्रयोग करणार असाल तर प्रकाशकाची परवानगी घ्या. घरच्या खेळाला मोकळीक आहे.

दुसऱ्या खेपेला सासूबाईंना पडद्यामागे बसवलं. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आमचा पाच वर्षांचा मुलगा त्यांचं सगळं समजायचा, पण उत्तर इंग्रजीत. त्या कसनुशा हसायच्या. सुरवंटाने विचारलं, “आज वार कोणता रे? विसरलो मी.”

“थर्सडे!”

सुरवंट गप्प. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “म्हणजे काय रे बाळा?”

बराच वेळ गेला. मी सांगणार होते, जीभ चावली.

“गुरुवार,” तो म्हणाला. “आज चार स्ट्रॉबेऱ्या खायच्यात तुला.”

खेळ संपल्यावर तो पडद्यामागे गेला आणि आजीचा मोज्यातला हात धरून विचारायला लागला, “उद्या काय खाणार?”