पाणी वाढलं म्हणजे पाऊसच पडला का? मोटारसायकलचा क्लच घसरतोय हे ओळखायचं कसं

(कामण येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारसायकलच्या क्लचवर बोलणार म्हटल्यावर काहींना गंमत वाटली असेल. पण विषय मी मुद्दाम निवडलाय. चिंचोटीहून कामणवरून अंजूरफाटा, पुढे भिवंडी, हा आपला रस्ता. कंटेनर, ट्रेलर, खड्डे आणि त्यांच्या मधून वाट काढणारी मोटारसायकल. इथल्या कितीतरी घरांची रोजीरोटी या दोन चाकांवर चालते. गाडी एक दिवस गॅरेजला उभी राहिली की एक दिवसाची मजुरी बुडते. आणि ओव्हरटेक करताना, कंटेनरच्या बरोबरीने आल्यावर, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी पुढे सरकली नाही, तर काय होईल ते मी सांगायला नको.

तेव्हा प्रश्न असा की, क्लच घसरतोय हे आपल्याला कळतं कसं? "कळणं" हा माझा विषय आहे, म्हणून मी इथे उभा आहे.

आत नेमकं काय असतं

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनचं फिरणं थेट मागच्या चाकाला जोडलेलं नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत तो तेलात बुडालेला असतो आणि त्यात एकाआड एक अशा चकत्या असतात. एक फ्रिक्शन प्लेट, एक स्टीलची प्लेट, पुन्हा एक फ्रिक्शन प्लेट. फ्रिक्शन प्लेटचे दात बाहेरच्या डब्यात, म्हणजे क्लच हाऊसिंगमध्ये बसतात आणि त्या इंजिनबरोबर फिरतात. स्टीलच्या प्लेटा आतल्या हबवर बसतात आणि गिअरबॉक्सला फिरवतात. या सगळ्या थप्पीला स्प्रिंगा दाबून धरतात.

लक्षात घ्या, लिव्हर दाबल्यावर क्लच "लागत" नाही, तो सुटतो. लिव्हर मोकळी असते तेव्हा स्प्रिंगा प्लेटांना घट्ट आवळतात. लिव्हर दाबली की तो दाब हटतो आणि प्लेटा एकमेकींवरून मोकळ्या फिरतात. हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं, त्याचं अर्धं निदान झालं.

क्लच किती जोर पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगांचा दाब, प्लेटांची पकड, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि प्लेटांचा घेर. घेर आणि संख्या कारखान्यात ठरून येतात. वापरात बदलतात त्या पहिल्या दोन, दाब आणि पकड. म्हणजे क्लच घसरला तर यांपैकी एकात किंवा दोन्हींत काहीतरी बिघडलेलं असणार.

नदीच्या पुराचा दाखला

आता थोडं न्यायशास्त्राकडे जाऊ. घाबरू नका, लगेच परत येतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यातल्या शेषवताचा एक अर्थ म्हणजे कार्यावरून कारण ओळखणं. दाखला नदीचा. नदीला पूर आलेला दिसला की वर डोंगरात पाऊस झाला असं आपण म्हणतो. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

यावर प्रतिपक्ष आक्षेप घेतो, आणि तो आक्षेप खुद्द सूत्रांतच नोंदलाय: पाणी तर खाली प्रवाह अडला तरी वाढतं, मग तुमचं अनुमान खोटं ठरलं की नाही? त्यावरचं उत्तर फार सुंदर आहे. आम्ही नुसत्या वाढलेल्या पाण्यावरून अनुमान करतच नाही. वात्स्यायनाच्या भाष्यात ते उलगडून सांगितलंय. प्रवाहाला वेग आहे, फेस आहे, पानं, फळं, लाकडं वाहून येतायत, अशा पुरावरून आम्ही पाऊस ओळखतो. अडलेलं पाणी वाढतं, पण ते असं दिसत नाही. चूक अनुमानाची नाही. खूण अर्धवट पाहिली, ही चूक.

मंडळी, "गाडी ओढत नाही" ही तक्रार म्हणजे नुसतं वाढलेलं पाणी आहे. गाडी एअर फिल्टर चोंदल्यानं ओढत नाही, ब्रेक चिकटल्यानं ओढत नाही, टायरमध्ये हवा कमी असली तरी ओढत नाही. ॲव्हरेज कमी झालं, हीसुद्धा तशीच खूण. दहा रोगांत दिसणारं लक्षण एका रोगाचा पुरावा होऊ शकत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. ओढत नाही म्हटल्याबरोबर "प्लेटा गेल्या" असं कुणी सांगितलं, तर त्याला पुढचा प्रश्न विचारा: कशावरून?

फेस आणि पानं कुठली

मग क्लच घसरण्याची खास खूण कोणती?

गाडी एका गिअरमध्ये आहे आणि क्लच पूर्ण लागलेला आहे, तेव्हा इंजिनचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं प्रमाण ठरलेलं असतं. मध्ये दातेरी चक्रं आणि साखळी आहे, तिथे तडजोड नाही. इंजिन वेगानं फिरलं तर चाकही तितक्याच पटीनं वेगानं फिरायलाच हवं. हे प्रमाण मोडलं, म्हणजे इंजिनचा आवाज चढला पण काटा चढला नाही, तर मध्ये कुठेतरी सुटतंय.

उलट, इंजिनातच ताकद नसेल तर काय होईल? थ्रॉटल पिळूनही गाडी वेग घेणार नाही, पण इंजिनचा आवाजही चढणार नाही. दोघं एकत्र मंद राहतील. ब्रेक चिकटला असेल तरी तसंच. हा सगळ्यात महत्त्वाचा फरक. आवाज आणि वेग एकत्र रेंगाळले तर दोष क्लचच्या अलीकडे किंवा पलीकडे शोधा. आवाज पुढे गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लचकडे बघा.

तरी एक शंका उरते. प्रमाण मोडण्याची इतर कारणं नाहीत का? आहेत. ओल्या रस्त्यावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, पण तेव्हा मागून गाडी डुलते, अंगाला कळतं. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून साखळी उडते, पण ती खटकन झटका देते. गिअर सुटून न्यूट्रल झाला तर ओढ एकदम पूर्ण जाते. क्लच घसरतो तेव्हा झटका नसतो. आवाज गुळगुळीत चढत जातो आणि थ्रॉटल कमी केलं की पकड परत येते. एकेक पर्याय वगळत उरलेल्यावर यायचं. शेषवताचा दुसरा अर्थ हाच, उरलेल्यावरून ओळखणं.

तपासण्या

पहिली तपासणी चालत्या गाडीची. मोकळा, सपाट, कोरडा रस्ता हवा. आपल्या कामण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत हा प्रयोग करायचा नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी मध्यम वेगानं चालू द्या आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. आवाज उसळला आणि गाडी त्या मानानं पुढे गेली नाही, तर क्लच घसरतोय.

वरचाच गिअर का? खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन पुढे निघते, त्यामुळे इंजिनचा पूर्ण जोर क्लचवर फार वेळ राहत नाही. वरच्या गिअरमध्ये चाक सहजी दाद देत नाही आणि जोर टिकून राहतो. म्हणून दुखणं आधी तिथे दिसतं, मागे माणूस बसलेला असताना दिसतं, गायमुखच्या चढासारख्या ठिकाणी दिसतं. पहिल्या गिअरमध्येही घसरायला लागला, तर दुखणं बरंच पुढे गेलंय.

दुसरी तपासणी उभ्या गाडीची. इंजिन बंद ठेवा, वरचा गिअर टाका, लिव्हर मोकळी सोडा आणि गाडी ढकला. इंजिनचा अडथळा जाणवला पाहिजे. इंजिन न फिरता गाडी नुसतीच पुढे गेली, तर क्लच फारच सैल झालाय. ज्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधून इंजिनकडे जातो, त्यांत किकही हलकी लागते. मात्र ही तपासणी एकाच बाजूनं खरी आहे. तिच्यात नापास म्हणजे दोष नक्की, पण पास म्हणजे निर्दोष असं नाही. थोडा घसरणारा क्लच तिच्यात सहज पास होतो.

कारण शोधताना स्वस्तापासून सुरुवात

घसरतोय हे कळलं. आता का? इथे लोक थेट इंजिनची बाजू उघडतात. थांबा.

आधी लिव्हर. तिच्या टोकाशी थोडी मोकळी हालचाल हवी, ज्याला मेकॅनिक "प्ले" म्हणतात. आपल्या नेहमीच्या गाड्यांत हा प्ले साधारण 10 ते 20 मिलिमीटर ठेवतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. प्ले शून्य असेल तर केबल सतत ओढलेली राहते, म्हणजे कुणीतरी चोवीस तास लिव्हर किंचित दाबून बसल्यासारखं. स्प्रिंगांचा दाब पूर्ण पोचतच नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. "केबल सैल आहे म्हणून क्लच घसरतोय" हे बरोबर उलटं आहे. केबल सैल असली तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर कडक पडतात, लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते. घसरण होते ती केबल ताठ असल्यानं. आणि प्लेटा झिजल्या की थप्पी पातळ होते, त्यामुळे बहुतेक गाड्यांत प्ले आपोआप कमी होतो. दर थोड्या दिवसांनी केबल सैल करावी लागत असेल, तर प्लेटा निरोप पाठवतायत असं समजा.

मग केबल. आपल्याकडच्या पावसात तिला आतून गंज धरतो, ती अडकते आणि लिव्हर सोडल्यावर पूर्ण मागे येत नाही. हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा. प्ले बदलला तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

मग तेल. इथे प्लेटा तेलात असतात, म्हणून मोटारीचं तेल मोटारसायकलला चालेलच असं नाही. इंधन वाचवण्यासाठी बनवलेल्या काही मोटार तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. इंजिनला ते बरे, पण क्लच तर घर्षणावरच जगतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 अशी खूण बघा. तेल बदलल्यानंतर लगेच घसरण सुरू झाली असेल, तर पहिला संशय तेलावर.

हे सगळं ठीक असेल तरच झाकण उघडायचं. फ्रिक्शन प्लेटांची जाडी, स्प्रिंगांची मोकळी लांबी, दोन्ही मोजायच्या. नुसतं डोळ्यांनी बघून "गेल्या" म्हणायचं नाही. स्टीलची प्लेट सपाट काचेवर ठेवून वाकडी आहे का बघायची. निळसर पडली असेल तर ती तापलेली आहे. नवीन प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवायच्या.

आणि एक नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा चालवून बघा. केबल, तेल, प्लेटा, स्प्रिंगा सगळं एकदम बदललं तर गाडी बरी होईल, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं 1843 साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदपद्धती मांडली ती हीच. आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असलं की कार्य दिसतं, कारण काढलं की कार्य जातं, हे दोन्ही बघायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, घसरणारा क्लच किती दिवस चालवता येईल?*

दिवस मोजू नका. घसरलं की उष्णता होते, उष्णतेनं प्लेट जळते, जळाली की आणखी घसरते. हे चक्र स्वतःच वेग घेतं. गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर ओझं न घेता, हलक्या थ्रॉटलनं न्या आणि ओव्हरटेक अजिबात करू नका.

*आमची गिअर नसलेली स्कूटर आहे. तिला हेच लागू?*

तत्त्व नाही, तपासणी बदलते. तिथे बेल्ट असतो आणि वेगानुसार आपोआप लागणारा क्लच असतो. आवाज आणि वेग यांचं प्रमाण तिथे मुळातच बदलतं राहतं, म्हणून आज सांगितलेली मुख्य खूण तशीच वापरू नका.

*प्लेटा लवकर का जातात?*

सवयीनं. कोंडीत हाफ क्लचवर गाडी तोलत धरणं, चालवताना बोटं लिव्हरवर टेकवून ठेवणं. बोटाचा थोडासा भारही प्ले खाऊन टाकतो. गाडी थांबली की न्यूट्रल करा.

शेवटी एवढंच. मेकॅनिक आपला शत्रू नाही. त्याच्या हातात अनुभव असतो आणि चांगला मेकॅनिक आज मी सांगितलं ते न बोलता करत असतो. पण त्याच्याकडे जाताना "गाडी ओढत नाही" एवढंच सांगू नका. "चौथ्या गिअरला थ्रॉटल दिलं की आवाज चढतो, वेग चढत नाही, लिव्हरला प्ले आहे, तेल मागच्या महिन्यात बदललंय," असं सांगा. त्याचं अर्धं काम होईल आणि तुमचे पैसे योग्य जागी खर्च होतील.

जाताना सावकाश जा, आणि उद्या सकाळी निघण्याआधी लिव्हरचा प्ले तेवढा बघा.