जंत घुबडाचा की उंदराचा?

घुबडाच्या आतड्यातले परजीवी शोधायला घुबड पकडावं लागत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय ते पकडताही येत नाही. ढोलीखाली किंवा पडक्या भिंतीशी पडलेली ताजी विष्ठा पुरते. हाडा-केसांची जी गोळी घुबड ओकून टाकतं, ती या कामाची नाही. ती जठरातूनच वर येते, आतड्यात उतरत नाही. तिच्यावरून पक्ष्याचं जेवण कळतं, दुखणं नाही.

साखरशेत, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात भात, नागली, वरई पिकते. धान्यामागे उंदीर येतात, उंदरांमागे गव्हाणी घुबड. अभ्यासातली खरी अडचणही इथेच आहे. विष्ठा साखरेच्या दाट पाकात ढवळली की जंतांची अंडी आणि ऊसिस्ट, म्हणजे एकपेशीय परजीवींची कवचबंद बीजं, वर तरंगतात. ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पण दिसलेलं प्रत्येक बीज घुबडाचं नसतं. उंदराच्या आतड्यातला आयमेरिया हा परजीवी शिकारीसोबत गिळला जातो आणि घुबडाला काहीही न करता तसाच बाहेर पडतो. घुबडाचा स्वतःचा कॅरिओस्पोरा मात्र ओळखू येतो: पक्व ऊसिस्टमध्ये एकच पिशवी, तिच्यात आठ जीव. आयमेरियात पिशव्या चार, प्रत्येकीत दोन जीव. हा फरक दिसावा म्हणून नमुना काही दिवस अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवतात. सार्कोसिस्टिस डिस्पर्सा या परजीवीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. तो घरउंदराच्या स्नायूंत वाढतो आणि गव्हाणी घुबडाच्या आतड्यात जीवनचक्र पुरं करतो. घुबड समजून घ्यायचं तर उंदीरही तपासावाच लागतो.

आकारावरून निवाडा झाला नाही, की जनुकांकडे वळायचं. त्यासाठी विष्ठेचा दुसरा भाग अल्कोहोलमध्ये ठेवलेला असतो. फॉर्मालिनने डीएनए बिघडतो. विष्ठेतलं यूरिक आम्ल डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरला अडवतं, म्हणून डीएनए आधी शुद्ध करायचा, मग १८एस जनुकाचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचायचा. तरी त्या एका नमुन्यात पक्षी, उंदीर, बुरशी, परजीवी सगळेच असतात. नुसत्या क्रमावर माझा विश्वास बसणार नाही. काचपट्टीवर काय दिसलं तेही हवंच.

हे सगळं रानपिंगळा या दुर्मीळ घुबडासाठी करायला हवं. १८८४नंतर त्याचा पत्ता नव्हता. १९९७मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, २०१४मध्ये तानसा अभयारण्यातून त्याची नोंद झाली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो अथीनी या पिंगळ्यांच्याच प्रजातीत बसतो हे दाखवून जुना वाद मिटवला. तो उंदरांबरोबर सरडेही खातो, आणि सेंट्रोऱ्हिंकससारखे काटेरी तोंडाचे जंत सरड्यांतून घुबडांपर्यंत पोचू शकतात. पण सुरुवात त्याच्या झाडाखाली करू नये. आधी गावातली गव्हाणी घुबडं आणि साधे पिंगळे घ्यावेत. त्यांची विष्ठा सहज आणि वारंवार मिळते. जंत रोज अंडी टाकत नाहीत, त्यामुळे एकाच ठिकाणचे अनेक दिवसांचे नमुने लागतात, आणि तेवढी ये-जा रानपिंगळ्याच्या घरट्यापाशी परवडणारी नाही.